राजस्थानचा ठराव

सभा बोलावल्याशिवाय जगात काही घडू शकतं, यावर माझ्या सासऱ्यांचा विश्वास नाही. रोज सकाळी सूर्य उगवतो तोसुद्धा कुणीतरी सुचवल्यामुळे आणि कुणीतरी अनुमोदन दिल्यामुळेच उगवत असणार, अशी त्यांची मनोमन खात्री असावी. नांदूरघाटच्या अलीकडे त्यांचं गाव. उभी हयात त्यांनी सहकारात काढली. आमच्या भागातल्या साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात नोकरी, म्हणजे कुणाचा ऊस कधी तोडायचा याचं नियोजन. शिवाय गावच्या दूध सोसायटीचे सचिव, आणि कधीच्या काळी बंद पडलेल्या ग्राहक भांडाराचे अजूनही स्वतःला सभासद समजणारे एकमेव गृहस्थ. त्यामुळे घरात म्हैस घ्यायची असो की भिंतीला रंग द्यायचा असो, ते पांढरा सदरा चढवतात, खिशाला पेन लावतात, ओसरीवर सतरंजी टाकायला सांगतात आणि घसा खाकरून म्हणतात, "उपस्थित सभासद हो!" उपस्थित सभासद म्हणजे माझ्या सासूबाई, माझी बायको मंगल, तिचा धाकटा भाऊ बाळू, आणि लग्नानंतर पदसिद्ध म्हणून मी.

माझं लग्नसुद्धा ठरावानंच झालं. बैठकीत देण्याघेण्याचं, मानपानाचं बोलून झाल्यावर सासरे उभे राहिले आणि म्हणाले, "सदर स्थळ मंजूर करन्यास कुनाची हरकत?" हे नुसतं विचारायचं म्हणून विचारलं होतं. पण कोपऱ्यात बसलेल्या मंगलच्या एका चुलत्यानं हात वर केला. माझी आई माझ्याकडे बघायला लागली, मी छताकडे. चुलत्याला फक्त चहा पाहिजे होता. पण सासऱ्यांचं म्हणणं पडलं की एकदा हात वर झाला की त्याची दखल घ्यावीच लागते. त्या चुलत्यानं उठून, आपली हरकत चहापुरती मर्यादित असून मुलाविषयी आपल्याला काही म्हणायचं नाही, असं सगळ्यांदेखत सांगितलं, तेव्हा कुठं माझा संसार मार्गी लागला. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. मी पहिल्यांदा "मामा" म्हणून पाया पडलो तेव्हा ते म्हणाले, "पाव्हणं, आता तुमाला मताचा अधिकार हाय. जपून वापरा."

आता राजस्थानचं. गावच्या देवळासाठी मूर्ती आणायला मंडळी जयपूरला गेली होती. मूर्ती आणायचा ठराव सासऱ्यांनीच मांडलेला. पण जायची वेळ आली ती नेमकी ऐन हंगामात. कारखान्याचं गाळप सुरू, ऊसतोडीच्या टोळ्या फडात, आणि शेतकी खात्याच्या माणसाला जेवायलाही फुरसत नाही. मंडळी गेली आणि मूर्ती घेऊन आली. येताना प्रत्येकानं डोक्यावर एकेक रंगीत फेटा आणला. सासरे गावाच्या वेशीपर्यंत सामोरे गेले, मूर्तीला हात जोडले, आणि मग मूर्ती बाजूला ठेवून त्यांनी त्या मंडळींना राजस्थानविषयी जे विचारायला सुरुवात केली ते पुढं महिनाभर संपलं नाही. किल्ला केवढा? दरवाजा कुठल्या दिशेला? गुलाबी म्हणजे कसला गुलाबी, गुलालाच्या रंगाचा की लुगड्याच्या? त्या चौकशीतून त्यांनी स्वतःचं असं एक राजस्थान उभं केलं आणि त्या दिवसापासून ते त्या प्रांताचे जाणकार झाले. एकदा एका लग्नात एक ट्रक ड्रायव्हर सांगत होता की जोधपूरहून जैसलमेरला जाताना मधे मोठा घाट लागतो. सासऱ्यांनी त्याला थांबवलं. "घाट न्हाई तिकडं. सपाट हाय." ड्रायव्हर म्हणाला, "मामा, मी आत्ताच गेलतो!" सासरे शांतपणे म्हणाले, "तुमी रात्री गेला असाल. नीट दिसलं नसंल." मजा अशी की ड्रायव्हर खरंच रात्री गेला होता, आणि घाट खरंच नव्हता.

दर दिवाळीला सगळे घरी जमले की सहलीची सभा व्हायची. जयपूर, जोधपूर, जैसलमेर, आणि शेवटी वाळवंट; हा क्रम ठरलेला. सासरे ठराव मांडायचे, मंगल अनुमोदन द्यायची. बाळूचं मत गोव्याला असायचं. तो दरवर्षी उपसूचना मांडायचा आणि दरवर्षी ती फेटाळली जायची. सासूबाई आतून भजी तळत ओरडून सांगायच्या, "मी तटस्थ!" एवढा एकच सहकारी शब्द त्यांनी उचलला होता आणि तो त्या सर्रास वापरायच्या. भाजी कुठली करू, पाहुण्यांना थांबवू का, कालवडीचं नाव काय ठेवायचं, "मी तटस्थ. तुमचं चालू द्या." ठराव मंजूर व्हायचा, टाळ्या व्हायच्या, आणि मग अडचण पुढं यायची. हिवाळ्यात कारखान्याचा हंगाम, सासऱ्यांना रजा नाही. उन्हाळ्यात रजा, पण उन्हाळ्यात वाळवंटात माणूस भाजून निघतो. पावसाळ्यात पेरणी. तेव्हा "योग्य वेळी" असे दोन शब्द ठरावाच्या शेवटी जोडून सभा संपायची आणि भजी यायची.

एका वर्षी वाळवंटात उंटावर बसायचं ठरलं. लगेच प्रश्न निघाला की नऊवारी नेसून सासूबाई उंटावर बसणार कशा. यावर वाद इतका रंगला की सासऱ्यांनी उंट उपसमिती नेमली आणि मला तिचा अध्यक्ष केलं. समितीत दुसरं कुणी नव्हतं. परळीच्या जत्रेत पोरांना फिरवून आणणारा एक उंटवाला येतो, त्याच्याकडे मला पाहणीसाठी धाडण्यात आलं. मी अंबाजोगाईच्या शाळेत भूगोल शिकवतो. त्या जत्रेत माझे निम्मे विद्यार्थी होते. उंट खाली बसलेला असताना मी मोठ्या रुबाबात चढलो. उठताना उंट आधी मागचे पाय ताठ करतो, हे मी वर्गात कधी शिकवलं नव्हतं. मी पुढं फेकला गेलो आणि त्या जनावराच्या मानेला मिठी मारून, डोळे मिटून, उतरेपर्यंत तसाच राहिलो. पोरं "सर, सर" करत मागं पळत होती. सभेत मी अहवाल दिला की स्त्रियांनी उंटावर बसणं धोक्याचं आहे. सासरे गंभीरपणे म्हणाले, "पाव्हण्यांनी जिवावर उदार होऊन पाहनी केली, त्याबद्दल सभा त्यांचे आभार मानते." आतून सासूबाईंचा आवाज आला, "तटस्थ." पण त्या हसत होत्या, हे ऐकू येत होतं.

मग ते साल आलं. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला होता. त्या वर्षी तो आलाच नाही म्हटलं तरी चालेल. ज्यांच्या रानात थोडाफार ऊस उभा होता त्यांनी तो जनावरांपुढं टाकला. विहिरी तळाला गेल्या, बोअर नुसते फसफसायला लागले. सासऱ्यांची गाय जनावरांच्या चारा छावणीत नेऊन बांधली आणि बाळू तिच्याजवळ राहायला गेला. आणि गाळायला ऊसच नाही म्हटल्यावर कारखान्याचा बॉयलर त्या हिवाळ्यात पेटला नाही. सासऱ्यांना जन्मात पहिल्यांदा हंगामात घरी बसावं लागलं. सकाळी सवयीनं सदरा चढवून ते दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. शेवटी गावानं टँकरच्या पाण्याच्या वाटपाचं काम त्यांच्या गळ्यात घातलं. त्यांनी लगेच गल्लीवार पाळ्या लावल्या, नियम केले, आणि पहिल्याच दिवशी टँकर आल्यावर विहिरीच्या कठड्यावर उभं राहून ते नियम वाचायला सुरुवात केली. नियम वाचून होईपर्यंत टँकर विहिरीत रिकामा करून ड्रायव्हर पुढच्या गावी निघूनही गेला होता. बाया घागरी घेऊन खाली वाकल्या होत्या आणि सासरे त्यांच्या पाठींना उद्देशून बोलत होते. पण एवढं खरं, त्या वर्षी त्या विहिरीवर भांडण झालं नाही.

त्या दिवाळीला सहलीची सभा झाली नाही. सतरंजी निघाली नाही, कुणी विषयही काढला नाही. भिंतीवर जुन्या कॅलेंडरवरचा एक पिवळ्या दगडाचा किल्ला चिकटवलेला होता, तो सासऱ्यांनी स्वतः काढून ठेवला. मंगलला ते फार लागलं. परत येताना एसटीत ती म्हणाली, "आण्णा कधी असे गप नव्हते हो."

संक्रांतीला आम्ही पुन्हा गेलो. छावणीतून बाळूही आला होता. दुपारची जेवणं झाली आणि सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. म्हणाल्या, "मंगल, सतरंजी टाक." आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. त्या स्वतः सतरंजीवर येऊन बसल्या. "मला इषय मांडायचाय. यंदा हंगाम न्हाई आन थंडी बी हाय. राजस्थानला जायचं तर आत्ता. न्हाईतर पुन्ना तुमचा ऊस उगवंल आन मी बसंन भजी तळत."

सासरे दचकले. "आगं, गावाला प्यायला पानी न्हाई. जनावरं छावनीत हायेत. आन आपन वाळवंट बगाया जायचं? त्येच्यासाठी इतक्या लांब कशाला? धरनात जाऊन हुबं ऱ्हा, चारी बाजूंनी वाळवंटच हाय."

"धरन बगितलंय मी."

"लोकं काय म्हनतील?"

"लोकांना इचारलंय," सासूबाई म्हणाल्या. "इहिरीवर समद्या बायांना इचारलं. त्या म्हनल्या, वैनी, जाऊन या, तुमची पाळी आमी धरतो. एक जन म्हनली, तिकडं तर कायमचाच दुष्काळ असतोय, ती लोकं कसं भागवत्यात तेवढं बगून या."

सासऱ्यांची मान वर झाली. इतक्या महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं तेज आलं. "म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "हा अभ्यासदौरा झाला."

"काय बी म्हना."

"अनुमोदक कोन?"

बाळूनं हात वर केला. त्याच बाळूनं, ज्याला जन्मभर गोव्याला जायचं होतं. "माझं अनुमोदन. गायीपाशी मी हाय. तुमी चौघं जावा."

आणि आम्ही निघालो. मनमाडला गाडी बदलली. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि सासऱ्यांचं भाषण एवढ्यावर जयपूर गाठलं. डब्यातल्या सगळ्यांना, आपण कुठल्या गावचे, कुठल्या कामावर निघालो आहोत, हे त्यांनी आमच्याकडच्या हिंदीत सांगितलं. "हमारे उधर पाऊसच नई पड्या. तो हम देखनेकू जारे, तुमारे उधर नई पडके भी कैसा चलता." लोकांनी सरकून त्यांना खिडकी दिली.

जयपूरच्या पहिल्या सकाळी मात्र महाल राहिला बाजूला. हॉटेलात सासूबाईंनी न्हाणीघरातला नळ उघडला आणि पाणी आलं. बंद केला, उघडला, पुन्हा आलं. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आंगावरचे सोडून समदे कपडे द्या. पानी हाय तवर धुऊन घेते." मंगल म्हणाली, "आई, इथं दिवसभर असतं पाणी." त्यांना ते पटलं नाही. आम्ही चौघांचे धुतलेले कपडे हॉटेलच्या गच्चीवर वाळत घातले, तेव्हा कुठं त्या किल्ला बघायला तयार झाल्या. किल्ल्यावर आमचा गाईड आरशांच्या महालाचं वर्णन करत होता. सासरे त्याला हाताला धरून बाजूला नेऊन विचारत होते की एवढ्या उंचावर पाणी चढवलं कसं. गाईडनं हौद दाखवले, पन्हळी दाखवल्या. सासरे प्रत्येक हौदात वाकून बघत होते. जोधपूरला तेच. निळी घरं, तोफा, राजाची पालखी, यांकडे ते जाता जाता नजर टाकायचे आणि म्हणायचे, "छान हाय. तळं कुठंशीक हाय?" वर्षानुवर्षं ज्या किल्ल्यांची वर्णनं त्यांनी आम्हाला सांगितली होती, ते समोर आले तेव्हा त्यांना फक्त पाणी बघायचं होतं.

जैसलमेरच्या पुढं वाळूच्या टेकड्या सुरू होतात. तिथं उंट उभेच होते. मी लांब थांबलो. माझा अहवाल मी आधीच दिला होता. सासऱ्यांनी उंटाभोवती एक चक्कर मारली, वर बघितलं, आणि म्हणाले, "मी खालीच बरा. जबाबदार मानूस खाली पायजे. वर काई झालं तर चौकशी कोन करनार?" सासूबाईंनी कुणालाच विचारलं नाही. उंटवाल्यानं उंट बसवला, त्यांनी नऊवारीचा काष्टा घट्ट केला, पदर कमरेला खोचला, आणि लहानपणी गाढवावर बसल्या असतील तशा सहज वर जाऊन बसल्या. उंट मागून उठला, पुढून उठला, त्यांनी दोन्ही झोक्यांना अंग सैल सोडलं आणि वरून ओरडल्या, "पाव्हणं, एवढंच व्हय ओ!" मग तो उंट टेकडीवर चढायला लागला आणि त्यांचं हसू ऐकू येत राहिलं. मंगल म्हणाली की तिनं आईला इतकं मोठ्यानं हसताना कधी ऐकलं नव्हतं. सासरे डोळ्यांवर हात धरून बघत होते. मी विचारलं, "मामा, काय झालं?" म्हणाले, "काई न्हाई. ऊन हाय."

उतरल्यावर उंटवाला आम्हाला जवळच्या आपल्या वस्तीवर घेऊन गेला. अंगणात जमिनीत बांधलेला एक गोल हौद होता, वर झाकण, झाकणाला कुलूप. पावसाचं पाणी उतारानं त्यात यायचं. त्याला तिकडं टांका म्हणतात. घरातली म्हातारी बाहेर आली. सासऱ्यांना राहवलं नाही. "बाईजी, ये टांका सोसायटी का है क्या?" म्हातारी म्हणाली, "घर का है." "तो इसकी मीटिंग कौन लेता?" म्हातारीनं सुनेकडे बघितलं आणि दोघी ओढणीआड हसायला लागल्या. सासूबाई मधे पडल्या. त्यांना हिंदी येत नव्हती, म्हातारीला मराठी. तरी दोघी टांक्याच्या कडेला बसून बराच वेळ बोलल्या. हातानं घागर दाखवली, डोक्यावरचा भार दाखवला, आभाळाकडे बोट दाखवून ते नकारार्थी हलवलं. मग म्हातारीनं कुलूप काढलं, बादली सोडली आणि सासूबाईंच्या हातात पाण्याचा लोटा दिला. सासूबाई अर्धा प्याल्या आणि उरलेला परत द्यायला लागल्या. म्हातारीनं त्यांचा हात मागं सारला. "पी ले, बहन. पूरा पी ले." सासूबाईंनी तो लोटा दोन्ही हातांनी धरून शेवटपर्यंत प्यायला. मग डोळे पुसले.

ऊन उतरल्यावर दोघं नवरा-बायको वाळूवर जाऊन बसली. आम्ही थोडं मागं होतो. सासऱ्यांनी विचारलं, "अजून कुठं जायचं व्हतं गं तुला?" मला वाटलं, आता "तटस्थ" येणार. पण त्या म्हणाल्या, "मला समुद्र बगायचाय. बाळूचं गोवं जाऊ द्या. पर नुसता समुद्र. एवढं पानी एका जागी कसं ऱ्हातंय, ते." सासरे मान हलवून म्हणाले, "जाऊ. पुढच्या येळंला समुद्र."

गावी आल्यावर लोकांना वाटलं होतं, आता तासभर भाषण. सासऱ्यांनी किल्ल्यांचं नावही काढलं नाही. टांक्याचं मात्र माती हातात घेऊन समजावून सांगितलं. उन्हाळ्यात त्यांनी आणि बाळूनं अंगणात खड्डा घेतला, पत्र्यावरचं पाणी त्यात सोडायची सोय केली. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. हौद भरला, रानं हिरवी झाली, कारखाना पेटला आणि सासरे पुन्हा हंगामाला जुंपले. त्यानंतर काही वर्षं ऊस भरपूर आला. ऊस आला म्हणजे हिवाळा गेला. समुद्र दर दिवाळीला मंजूर होत राहिला, योग्य वेळी.

सासरे निवृत्त झाले तोवर सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेले होते. ओसरीवरून अंगणात यायचं तर भिंतीला धरून. प्रवास सोडून बोला, असं डॉक्टरांनी सांगितलं. गेल्या वर्षी आम्ही कोकणात निघालो तेव्हा सासरे येत नव्हते. सासूबाईंनीच त्यांची पिशवी भरली आणि दाराशी आणून ठेवली. "जावा. तुमचं बी ऱ्हायलंय," म्हणाल्या.

सकाळची वेळ होती. किनाऱ्यावर फारसं कुणी नव्हतं. सासऱ्यांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं, पाण्यात पाय ठेवला, आणि पहिलं काम म्हणजे मंगलच्या मोबाइलवरून घरी फोन लावला, चेहरा दिसतो तसला. बाळूनं तिकडं फोन सासूबाईंच्या हातात दिला.

"दिसतोय का?" सासरे ओरडले.

"तुमचं नाक दिसतंय. समुद्र कुठाय?"

मंगलनं फोन फिरवून दिला. सासरे बोलत सुटले: केवढा हाय, कुठवर हाय, तिकडं लांब एक होडी दिसते ती आपल्या ओसरीएवढी असंल, आन ही लाट बग, ही आता...

"आवो, गप बसा जरा," सासूबाई म्हणाल्या. "आवाज येऊ द्या त्येचा."

ते गप्प बसले. लाटा येत राहिल्या. बराच वेळ तिकडून काहीच आवाज येईना, तेव्हा मंगलला वाटलं फोन कट झाला. ती पुढं झाली, तेवढ्यात आतून आलं, "हाय मी. चालू ऱ्हाऊ द्या."

सासऱ्यांनी हात तसाच लांब धरला. दुखायला लागला तेव्हा फोन दुसऱ्या हातात घेतला. भरतीचं पाणी त्यांच्या धोतराला लागलं, मग कमरेला लागलं.